धाकट्या भावंडाचं पालकत्व: कोर्टाचा कागद कशासाठी?

आई-वडील दोघंही गेल्यावर तेराव्याच्या आसपास घरात एक बैठक होते. काका, मामा, आत्या, शेजारचे दोन वडीलधारे बसतात. धाकट्याचं पुढं काय, असा विषय निघतो. थोरली बहीण म्हणते, "मी बघते त्याचं." सगळे मान डोलावतात, कुणीतरी डोळे पुसतं आणि विषय मिटतो. घरच्यांच्या लेखी त्या मुलाला पालक मिळालेला असतो. कायद्याच्या लेखी मात्र त्याला अजून कुणीच पालक नसतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं आणि मग आईचं नाव येतं. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आईची जागा आणखी पक्की केली. वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आईच पालक ठरू शकते, असा अर्थ न्यायालयानं लावला. पण आजी-आजोबा, काका, मामा, थोरला भाऊ, थोरली बहीण यांचा त्या यादीत उल्लेखच नाही. मुस्लिम कायद्यात मालमत्तेचं पालकत्व वडील, आजोबा किंवा त्यांनी मृत्युपत्रानं नेमलेली व्यक्ती यांच्याकडे असतं. त्यांच्यापैकी कुणी नसेल तर भावालाही न्यायालयाकडूनच नेमणूक घ्यावी लागते. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांनाही १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखालीच जावं लागतं. थोरला भाऊ बापाच्या ठिकाणी, असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो आहोत आणि ते अनेक थोरल्यांनी जन्मभर निभावलंही आहे. कायद्यानं ते नातं आपोआप पालकत्व म्हणून कधीच मान्य केलेलं नाही.

रोजच्या जगण्यात हे जाणवत नाही. शाळेच्या पालकसभेला ताई गेली तर शिक्षक तिला परत पाठवत नाहीत. ताप आला तर डॉक्टर औषध देतात. अपघातात तातडीची शस्त्रक्रिया करायची असेल आणि पालकाची संमती मिळवायला वेळच नसेल, तर जीव वाचवण्यासाठी कायदाही डॉक्टरांना थांबवत नाही. अडतं ते पैशाशी आणि कायमच्या सहीशी गाठ पडते तिथं.

एक घर डोळ्यांसमोर आणूया. बहीण २४ वर्षांची, भाऊ १५ वर्षांचा. आई काही वर्षांपूर्वी गेली, वडील आता गेले. वडील खासगी कारखान्यात कामाला होते, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी आहे. त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली दोन एकर जमीन आहे, बँकेत थोडी ठेव आहे. घरात आजी आहे, म्हणजे वडिलांची आई. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांची आई, मुलगा आणि मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस. त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर तिघांना सारखा, म्हणजे एकेक तृतीयांश वाटा मिळतो. भावाचा तृतीयांश वाटा त्याच्या एकट्याचा आहे. तो सांभाळायला बहीण पुढं आली, तरी त्यावर तिचा हक्क चालत नाही. या लेखाचा सगळा गुंता इथंच आहे.

वारस नोंदीचा फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर भावाच्या नावासोबत 'अ.पा.क.' असा शेरा आणि बहिणीचं किंवा आजीचं नाव येतं. अज्ञान पालनकर्ता, असा त्याचा अर्थ. घरात तो उतारा हातोहात फिरतो आणि 'सातबाऱ्यावर ताईचं नाव पालक म्हणून लागलंय' असं समाधान पसरतं. ही महसूल दप्तरातली नोंद आहे, एवढंच. या हिस्स्याचा मालक अज्ञान आहे आणि त्याच्या वतीनं अमुक व्यक्ती कामकाज बघते, इतकंच ती सांगते. तो हिस्सा विकायचा, गहाण टाकायचा किंवा बक्षीस द्यायचा अधिकार त्यातून येत नाही. भाऊ १८ वर्षांचा झाला की वयाचा पुरावा जोडून, ई-हक्क प्रणालीतून किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करून तो शेरा काढून घ्यायचा असतो. तीस-पस्तीस वर्षांच्या बाप्याच्या नावापुढेही तो राहून गेलेला दिसतो आणि जमिनीचा व्यवहार ऐन वेळी अडतो.

दुसरा गैरसमज नोटरीचा. स्टँप पेपरवर 'आजपासून मी माझ्या धाकट्या भावाचा कायदेशीर पालक म्हणून सर्व जबाबदारी घेतो' असं टाइप करायचं, नातेवाइकांच्या सह्या घ्यायच्या, नोटरीचा शिक्का मारायचा. कॉलेजच्या वसतिगृहाला असा कागद चालूनही जातो. पण पालकत्व हे प्रतिज्ञापत्रानं स्वतःच स्वतःला देता येत नाही. नातेवाइकांच्या सह्यांचा उपयोग पुढं न्यायालयात होतो, कारण कुणाची हरकत नाही हे त्यातून दिसतं. त्यापलीकडे त्या कागदाला किंमत नाही.

कायद्यात अशा थोरल्यांसाठी एक वेगळी ओळख आहे: वस्तुतः पालक, म्हणजे प्रत्यक्षात सांभाळ करणारा, पण कायद्यानं न नेमलेला. १९५६ च्या कायद्याचं कलम ११ सांगतं की अशा व्यक्तीला अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही. कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका दाव्यात थोरल्या बहिणीनं धाकट्या बहिणीची पालक म्हणून तिची जमीन विकली होती. न्यायालयानं तो व्यवहार मुळातच निरर्थक ठरवला. विकत घेणाऱ्यानं पैसे मोजले होते, दस्त झाला होता, तरी हाती काही उरलं नाही. गावाकडे 'भावाच्या शिक्षणासाठी विकली' म्हणून झालेले असे व्यवहार कमी नाहीत. हेतू चांगला होता, हे उत्तर अशा वेळी पुरत नाही.

मग करायचं काय? १८९० च्या कायद्याखाली पालक नेमण्यासाठी अर्ज करायचा. अर्ज पालक होऊ इच्छिणारी व्यक्ती करू शकते, मुलाचा कुणी नातेवाईक किंवा स्नेहीही करू शकतो. मूल सामान्यतः जिथं राहतं तिथल्या न्यायालयात तो दाखल होतो. जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं मुलाच्या देखभालीचं पालकत्व त्या न्यायालयात मागतात. मालमत्तेचं पालकत्व जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत येतं. हे दोन वेगळे विषय आहेत आणि अर्ज करण्याआधी आपल्याला नेमकं काय हवं ते ठरवणं, हा वकिलाकडे गेल्यावर विचारायचा पहिला प्रश्न असायला हवा.

अर्जात काय लिहायचं ते कलम १० मध्ये बारकाईनं दिलं आहे. मुलाचं नाव, जन्मतारीख, धर्म, राहण्याचं ठिकाण. मालमत्ता असेल तर ती कुठं, कसली आणि अंदाजे किती किमतीची. मूल आत्ता कुणाकडे आहे. जवळचे नातेवाईक कोण आणि कुठं राहतात. आधी असा अर्ज कुणी केला होता का आणि त्याचं काय झालं. पालक होऊ इच्छिणाऱ्याची पात्रता काय आणि अर्ज करण्याची वेळ का आली. सोबत नियोजित पालकाचं संमतिपत्र लागतं, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. यानंतर नातेवाइकांना नोटीस निघते, अनेकदा वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी लागते. ज्या काकाशी बांधावरून वाद आहे त्याचं नाव अर्जातून गाळायचा मोह होतो. तसं करू नये. नोटीस न मिळालेला नातेवाईक नंतर उभा राहिला की आदेशाच्या मुळावरच घाव घालतो, आणि लपवाछपवी केली असा डाग अर्जदाराला लागतो तो वेगळाच.

न्यायाधीश बघतात ते मुलाचं हित. कलम १७ प्रमाणे मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, मृत आई-वडिलांची इच्छा, मुलाशी पूर्वीपासूनचे संबंध हे सगळं तोललं जातं. मूल पुरेसं समजतं झालं असेल तर त्याचं मतही विचारात घेता येतं. तेरा ते सतरा या वयात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. न्यायाधीश अनेकदा मुलाला आपल्या दालनात बोलावून एकट्याशी बोलतात. तिथं मुलानं पाठ केलेली वाक्यं म्हणू नयेत, हे मी आवर्जून सांगेन. पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्याला कुणाकडे राहायचं आहे हे माहीत असतं. का, तेही तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो. त्याला आधी फक्त एवढं समजावून द्यावं की इथं कुणी कुणावर खटला भरलेला नाही, तुझ्यासाठी कुणी सही करायची एवढंच ठरायचं आहे. आई-वडील गेल्यानंतरच्या महिन्यांत सगळे निर्णय मोठ्यांनी घेतलेले असतात. त्याला कुणी विचारलं, अशी ही बहुधा पहिलीच जागा असते.

आता खऱ्या अडचणीकडे. थोरली बहीण भावाची देखभाल बघणार, आणि तीच त्याच मालमत्तेत हिस्सेदारही आहे. दोन एकरांतला कोणता तुकडा कुणाचा, ठेवीतले किती कुणाचे, विकायची वेळ आली तर किमतीत कुणाला किती, या सगळ्यात दोघांचे हितसंबंध समोरासमोर येऊ शकतात. न्यायालय याकडे संशयानं नव्हे, पण सावधपणे बघतं, आणि तसं बघायलाच हवं. म्हणून मालमत्तेचा पालक नेमल्यावर बऱ्याच अटी येतात. न्यायालय जातमुचलका मागू शकतं, सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी मागू शकतं, वेळोवेळी हिशेब सादर करायला सांगू शकतं. न्यायालयाच्या आधी मिळालेल्या परवानगीशिवाय विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल करता येत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही देता येत नाही. परवानगी मिळते ती गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच. शिवाय देखभालीच्या पालकाला परवानगीशिवाय मुलाला न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहायला नेता येत नाही. बारावीनंतर भावाला पुण्याला क्लासला ठेवायचं असेल, तर तोही अर्ज करायला हवा.

हे सगळं वाचून अनेक थोरली भावंडं दुखावतात. 'माझ्या भावाचा मी हिशेब कोर्टाला द्यायचा?' असा प्रश्न येतो, आणि त्यामागचं दुःख खरं आहे. पण दहा वर्षांनी काय होतं ते बघा. भाऊ मोठा होतो, त्याचं लग्न होतं, कुणीतरी कानाशी लागतं: वडिलांच्या फंडाचे पैसे गेले कुठं? त्या दिवशी बहिणीकडे नुसता जीव लावल्याचा इतिहास असेल, तर ती एकटी पडते. न्यायालयाच्या परवानगीचे आदेश आणि सादर केलेले हिशेब असतील, तर बोलायला जागाच उरत नाही. माझ्या मते पालकत्वाच्या आदेशाची सगळ्यात मोठी गरज थोरल्या भावंडालाच असते.

अर्थात प्रत्येक घरानं मालमत्तेच्या पालकत्वासाठी धावावं, असं नाही. पैसे सुरक्षित ठेवायचे इतर मार्ग आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडून चालवता येतं. विमा पॉलिसीत अज्ञान मूल नॉमिनी असेल आणि वडिलांनी त्याच्या वतीनं रक्कम स्वीकारणारी व्यक्ती नेमून ठेवली असेल, तर रक्कम त्या व्यक्तीकडे जाते. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईत अज्ञान मुलाचा वाटा न्यायाधिकरण सहसा तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात पूर्वी पालकत्वाच्या दाखल्यावरून माणसं अडून राहायची. ऑगस्ट २०२५ च्या परिपत्रकानं रक्कम थेट मुलाच्या बँक खात्यात जाणार असेल तर हा दाखला मागू नये, असं सांगितलं आहे. त्याच निधीच्या पेन्शन योजनेत आई-वडील दोघंही नसलेल्या मुलांना अनाथ पेन्शन आहे. ती एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत मिळते आणि दरमहा किमान ७५० रुपये आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातली २४ वर्षांची ताईसुद्धा अजून वर्षभर तिला पात्र आहे, आणि हे तिला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

मुलगा साडेसतराचा असेल, जमीन विकायची नसेल आणि कुणाचा वाद नसेल, तर मी सरळ थांबायला सांगेन. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तो सज्ञान होईल आणि स्वतःची सही स्वतः करेल. न्यायालयानं पालक नेमला की अज्ञानपण २१ वर्षांपर्यंत चालतं, असं जुनी माणसं सांगतात. पूर्वी तसं होतं. १९९९ च्या दुरुस्तीनंतर सर्वांसाठी १८ वर्षंच आहेत. पण मूल तेरा-चौदाचं असेल, घरातून दबाव येत असेल, किंवा मालमत्तेवर कुणाची नजर असेल, तर पहिल्या वर्षातच अर्ज करावा.

दबावाचा एक प्रकार मुलींच्या वाट्याला येतो आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सोळा-सतरा वर्षांची पोरकी मुलगी घरात असली की 'तिचे हात पिवळे करून टाकू, जबाबदारी संपेल' हा सल्ला लगेच मिळतो. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, मग ते कुणीही ठरवलेलं असो. १०९८ या क्रमांकावर कुणीही कळवू शकतं. पालकत्वाचा आदेश हाती असलेल्या ताईचा नकार मात्र बैठकीत जास्त वजनाचा ठरतो.

आई किंवा वडील हयात असतील तर गोष्ट अवघड होते. वडील गेले, आईनं दुसरं लग्न केलं आणि मुलं मोठ्या भावाकडे राहिली, असं अनेक घरांत घडतं. १८९० च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, न्यायालयाच्या मते हयात असलेले वडील किंवा आई पालक व्हायला अपात्र नसतील, तर देखभालीसाठी दुसरा पालक नेमता येत नाही. आईचा उल्लेख इथं २०१० च्या दुरुस्तीनं आला. पुन्हा लग्न केलं म्हणून आई आपोआप अपात्र होत नाही, आणि तसा युक्तिवाद करण्यापेक्षा तिची लेखी संमती घेऊन जाणं शहाणपणाचं. आई-भावंडांमधलं उरलंसुरलं नातं कोर्टाच्या कागदावर चिरडू नये.

दत्तक घ्यायचा विचारही काही जण करतात. हिंदू दत्तक कायद्यात रूढी नसेल तर पंधरा वर्षं पूर्ण झालेलं मूल दत्तक घेता येत नाही, आणि बाल न्याय अधिनियमातल्या नातेवाइकांच्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा आहेत, भावंडं नाहीत. बहीण-भावांसाठी रस्ता पालकत्वाचाच.

खर्चाचा प्रश्न असेल तर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जावं. महाराष्ट्रातल्या बालसंगोपन योजनेतून, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो. समिती मुलाला योग्य व्यक्तीच्या ताब्यात देण्याचा आदेशही करू शकते. पण त्यातून मालमत्तेचे अधिकार मिळत नाहीत, हे लक्षात असू द्यावं.

परदेशात नोकरीला असलेल्या थोरल्यांसाठी दोन शब्द. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला आश्रित म्हणून फक्त जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं नेता येतात. इथल्या न्यायालयानं पालक नेमलं तरी भाऊ त्या यादीत बसत नाही. अशा वेळी इथं राहणाऱ्या मामा-मावशीनं पालक व्हावं आणि परदेशातल्या भावानं पैशाची बाजू सांभाळावी, हे मुलाच्या शाळेच्या आणि मित्रांच्या दृष्टीनंही बरं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक.

आणि ज्यांचं एक मूल सज्ञान, दुसरं अजून शाळेत आहे, अशा आई-वडिलांना विनंती. मृत्युपत्रात आपल्यामागे धाकट्याचा पालक कोण, हे एका वाक्यात लिहून ठेवा. १९५६ च्या कायद्याचं कलम ९ तुम्हाला तो अधिकार देतं. साधा कागद आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. दोघांनीही आपापल्या मृत्युपत्रात एकच नाव लिहावं, आणि लिहिण्याआधी त्या थोरल्या लेकराला विचारावं.